सोळा आणि सोळा : न्यूयॉर्कमधील एका निःशस्त्रीकरण इंटर्नशिपचे प्रकरण

२७ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या समितीने ‘एल-४१’ या क्रमांकाच्या मसुदा ठरावावर मतदान केले. अण्वस्त्रांवर कायदेशीर बंदी घालणाऱ्या कराराच्या वाटाघाटी २०१७ मध्ये सुरू कराव्यात, अशी त्या ठरावाची मागणी होती. १२३ देशांनी बाजूने मत दिले, ३८ देशांनी विरोधात दिले आणि १६ देश तटस्थ राहिले. त्या वेळी मी एका लहान स्वयंसेवी संस्थेची इंटर्न म्हणून सभागृहाच्या मागच्या भागात, मांडीवर वही घेऊन बसले होते. या मतदानावर रात्री नऊच्या आत एक परिच्छेद लिहून देणे एवढेच माझे त्या दिवसाचे काम होते. तो परिच्छेद मी तीनदा लिहिला आणि त्यांपैकी पहिले दोन चुकीचे होते.

त्या दोन चुका कशा झाल्या, त्या कोणी आणि कशा पकडल्या, आणि त्यांच्या मागे कोणत्या सवयी होत्या, हे येथे तपशीलवार मांडत आहे. आंतरराष्ट्रीय राजनयाच्या क्षेत्रात परदेशी इंटर्नशिप करू इच्छिणारे विद्यार्थी मला अर्ज कसा करावा, शिफारसपत्र कोणाचे घ्यावे, व्हिसा कोणता लागतो असे प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न योग्यच आहेत. पण तिथे पोहोचल्यावर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत नेमके काय करायचे असते आणि त्यात माणूस कुठे घसरतो, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते या कामाचा गाभा तिथेच आहे.

पार्श्वभूमी

आमसभेच्या सहा मुख्य समित्यांपैकी पहिली समिती निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हे विषय हाताळते. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचे काम सुरू होते आणि सुमारे पाच आठवडे चालते. आधी सर्वसाधारण चर्चा होते, नंतर अण्वस्त्रे, इतर महासंहारक शस्त्रे, अवकाश, पारंपरिक शस्त्रे अशा विषयवार चर्चा होतात आणि शेवटच्या टप्प्यात मसुदा ठरावांवर एकामागून एक निर्णय घेतले जातात. सर्व १९३ सदस्य देशांना येथे समान एक मत असते. समितीने संमत केलेले ठराव डिसेंबरमध्ये आमसभेच्या पूर्ण बैठकीत पुन्हा मताला टाकले जातात.

२०१६ चे सत्र नेहमीसारखे नव्हते. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींसाठी जिनिव्हात जी ६५ सदस्यांची परिषद आहे, ती प्रत्येक बाबतीत सर्वसहमतीने चालते, आणि १९९६ मध्ये सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी संपल्यानंतर तिथे एकही करार तयार झालेला नव्हता. या कोंडीला कंटाळलेल्या देशांनी आमसभेचा मार्ग धरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिनिव्हात भरलेल्या एका खुल्या कार्यगटाने २०१७ मध्ये वाटाघाटींसाठी परिषद बोलवावी अशी शिफारस केली होती. ऑस्ट्रिया, ब्राझील, आयर्लंड, मेक्सिको, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी पुढाकार घेऊन ती शिफारस ‘एल-४१’च्या रूपाने पहिल्या समितीत आणली. समितीचे काम सुरू झाले त्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्शल बेटे या प्रशांत महासागरातील छोट्या देशाने अण्वस्त्रांच्या प्रश्नावर भारताविरुद्ध दाखल केलेला खटला आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही असा निकाल ९ विरुद्ध ७ मतांनी दिला होता. ज्यांच्या बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या, त्या देशाने अण्वस्त्रधारी देशांना न्यायालयात खेचावे आणि त्यात भारताचेही नाव असावे, ही गोष्ट माझ्यासारख्या नवख्या भारतीय मुलीला अस्वस्थ करणारी होती. हे मुद्दाम नोंदवते आहे, कारण माझ्या दुसऱ्या चुकीचे मूळ या अस्वस्थतेत होते.

मी सांगलीची. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी अर्ज केला होता आणि दहा आठवड्यांसाठी माझी निवड झाली. संस्था लहान होती. एक संपादक, दोन कायम कर्मचारी आणि आम्ही तीन इंटर्न एवढाच तिचा व्याप होता. सत्राच्या काळात ती एक नियमित वार्तापत्र काढत असे, आणि लहान देशांची शिष्टमंडळे ते खरोखर वाचत. ज्या देशाच्या शिष्टमंडळात या समितीसाठी एकच अधिकारी असतो आणि तोच अधिकारी आणखी दोन समित्यांत धावत असतो, त्याला काल खोली क्रमांक चारमध्ये काय झाले हे कळण्याचा तो एक मार्ग असे. आमच्या परिच्छेदात चूक राहिली, तर ती कुणाच्या तरी राजधानीला जाणाऱ्या अहवालात शिरू शकत होती. पहिल्याच दिवशी संपादकबाईंनी आम्हाला हे सांगितले होते. मला ते तेव्हा थोडे अतिशयोक्त वाटले होते.

खर्चाची बाजू

प्रकरणाच्या मुख्य भागाकडे वळण्याआधी पैशांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण त्या खोलीत कोण बसू शकते हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप विनावेतन असते. प्रवास, व्हिसा, निवास आणि विमा यांचा भार उमेदवारावर असतो. स्वयंसेवी संस्थांची परिस्थितीही बहुधा तशीच. माझ्या संस्थेने बैठकांच्या दिवशी दुपारच्या जेवणाचे पैसे दिले, त्यापलीकडे काही नाही. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक २२ वर्षांचा न्यूझीलंडचा इंटर्न भाडे परवडत नाही म्हणून तलावाकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. माझ्या आईने ती वाचली होती, आणि माझ्या निवडीचे पत्र आल्यावर तिने सर्वांत आधी राहण्याबद्दल विचारले.

मी क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स भागात दोघींमध्ये एक खोली घेतली. माझ्या वाट्याचे भाडे महिना ६५० डॉलर होते. डॉलर तेव्हा ६७ रुपयांच्या आसपास होता. भुयारी रेल्वेचा तीस दिवसांचा पास ११६.५० डॉलरना, म्हणजे जवळपास ७,८०० रुपयांना पडे. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि घरी शिजवलेला डाळभात धरून दहा आठवड्यांचा एकूण खर्च सुमारे तीन लाख रुपये आला. एसटीतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी त्यातला मोठा भाग त्यांना मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीतून दिला. आमच्या घरात एवढी रक्कम उभी राहू शकली म्हणून मी तिथे गेले. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा अधिक अभ्यासू दोघे होते, त्यांच्या घरात ती उभी राहू शकली नाही. शासकीय अधिकाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण शिष्यवृत्ती आहे. ती १९७८ च्या पहिल्या विशेष अधिवेशनातून सुरू झाली, आणि तिने विकसनशील देशांतील शेकडो तरुण राजनयिक घडवले आहेत. परंतु विद्यार्थ्यांसाठी त्या तोडीची सोय नाही. लहान देशांच्या आणि गरीब घरांच्या दृष्टीने लिहिणारी माणसे या विषयात कमी का आहेत, याचे एक अगदी साधे कारण हे आहे, आणि ते मला आजही बोचते.

पहिला परिच्छेद

समितीत मतदान यंत्रावर होते. हिरवे बटण बाजूने, लाल विरोधात, पिवळे तटस्थ. सभागृहातील फलकावर देशांची नावे त्या त्या रंगात उजळतात आणि ज्याने बटण दाबले नाही त्याच्या नावापुढे काहीच उमटत नाही. मतदानाच्या आधी आणि नंतर देशांना आपल्या मताचे स्पष्टीकरण देता येते. राजनयाच्या भाषेत या स्पष्टीकरणाला मताइतकेच, कधी त्याहून जास्त, वजन असते.

माझ्या बाबतीत गफलत आदल्या रात्रीच झाली होती. वेळ वाचावा म्हणून मी परिच्छेदाचा सांगाडा आधीच तयार करून ठेवला होता आणि त्याचे पहिले वाक्य असे होते : अण्वस्त्रधारी देशांनी ठरावाला विरोध केला, तर अण्वस्त्रे नसलेल्या बहुसंख्य देशांनी त्याला पाठिंबा दिला. हे वाक्य वाचायला इतके सरळ आणि अपेक्षेला इतके धरून होते की मतदान झाल्यावर मी फक्त त्यात आकडे भरले. फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो माझ्यासमोर होता, तरी मी वाक्य त्याच्याशी ताडून पाहिले नाही.

संपादकबाईंनी कागद हातात घेतला आणि मला फक्त नऊ अण्वस्त्रधारी देशांची नावे फलकाच्या फोटोतून शोधायला सांगितली. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल विरोधात होते. चीन, भारत आणि पाकिस्तान तटस्थ होते. उत्तर कोरियाने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. अवघ्या सात आठवड्यांपूर्वी, ९ सप्टेंबरला, त्या देशाने आपली पाचवी अणुचाचणी केलेली होती. म्हणजे नऊ अण्वस्त्रधारी देशांची विभागणी पाच, तीन आणि एक अशी होती, आणि माझे वाक्य नवांपैकी चार देशांबाबत सरळ खोटे होते.

ते दुसऱ्या बाजूनेही खोटे होते, हे त्याहून महत्त्वाचे. विरोधात गेलेल्या ३८ देशांपैकी पाचच अण्वस्त्रधारी होते. उरलेल्या ३३ देशांकडे स्वतःची अण्वस्त्रे नाहीत, मात्र त्यांपैकी बहुतेकांची सुरक्षा अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्रावर आधारलेली आहे. त्यांत नाटोचे सदस्य होते, दक्षिण कोरिया होता, ऑस्ट्रेलिया होता आणि जपानही होता. ज्या एकमेव देशावर अणुबाँब टाकले गेले त्याने अण्वस्त्रबंदीच्या वाटाघाटींना विरोध केला, आणि त्या वेळचे त्याचे परराष्ट्रमंत्री फुमिओ किशिदा हे हिरोशिमाचे लोकप्रतिनिधी होते. या मतदानातील सर्वांत बोलका तपशील हाच होता. माझ्या नीटनेटक्या वाक्यात त्याला जागाच नव्हती. अण्वस्त्रे असलेले आणि नसलेले अशी दोन खणांची मांडणी मी पुस्तकांतून घेऊन गेले होते, आणि प्रत्यक्ष फलकावर विरोधकांमध्ये तिसरा खण, छत्राखालच्या देशांचा, सर्वांत मोठा होता.

याच कागदावर आणखी एक चूक होती आणि ती अंकगणिताची होती. मी लिहिले होते की सोळा देश तटस्थ किंवा अनुपस्थित राहिले. संपादकबाईंनी बेरीज करायला लावली. १२३, ३८ आणि १६ मिळून १७७ होतात. सदस्य देश १९३. म्हणजे आणखी १६ देश असे होते की ज्यांचे मत नोंदलेच गेले नव्हते. योगायोगाने दोन्ही आकडे सोळाच आल्यामुळे मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या होत्या. समितीच्या नियमानुसार निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो आणि तटस्थ राहणारे मत देणाऱ्यांत धरले जात नाहीत, त्यामुळे निकालावर या गोंधळाचा काही परिणाम होत नव्हता. परंतु पिवळे बटण दाबणे ही एका सरकारने राजधानीतून आलेल्या सूचनेनुसार केलेली कृती असते. खुर्ची रिकामी असण्याला मात्र अनेक कारणे असू शकतात. एखाद्या लहान बेटाचा एकमेव प्रतिनिधी त्या क्षणी शेजारच्या सभागृहात दुसऱ्या समितीत बसलेला असतो, एखादा देश जाणूनबुजून बाहेर राहतो, एखाद्याला सूचनाच आलेली नसते. पहिले सोळा आणि दुसरे सोळा एका ओळीत लिहिणे म्हणजे निर्णय आणि गैरहजेरी यांना एकच नाव देणे होते.

दुसरा परिच्छेद

दुसऱ्यांदा लिहिताना मी आकडे बरोबर लिहिले. मग भारतावर आले आणि माझा हात वळला. न्यायालयाचा निकाल मनात होता, आजूबाजूच्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात भारताचे नाव इतर आठ देशांच्या पंगतीत येई ते मनात होते, आणि घरापासून दूर असताना देशाबद्दल जे एक हळवेपण येते तेही होते. दिवाळी तीन दिवसांवर आली होती. मी लिहिले की निःशस्त्रीकरणाच्या आपल्या दीर्घ परंपरेला अनुसरून भारताने ठरावाला विरोध करण्याचे टाळले.

या वाक्यामागे खरा इतिहास आहे. जवाहरलाल नेहरूंनी एप्रिल १९५४ मध्ये लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी याच आमसभेच्या तिसऱ्या विशेष निःशस्त्रीकरण अधिवेशनात २०१० पर्यंत अण्वस्त्रे टप्प्याटप्प्याने नष्ट करण्याचा कृती आराखडा मांडला होता. अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी घालणाऱ्या करारासाठीचा ठराव भारत १९८२ पासून पहिल्या समितीत आणत आला आहे आणि पाश्चात्त्य देश त्याच्या विरोधात मत देत आले आहेत. हे सारे मला माहीत होते आणि लिहिता लिहिता मी ते सारे ‘अनुसरून’ या एका शब्दात कोंबले.

संपादकबाईंनी त्या शब्दाखाली रेघ मारली. हे भारताने म्हटले आहे की तुझे म्हणणे आहे, एवढेच त्यांनी विचारले. भारताच्या मतदानाच्या स्पष्टीकरणाची प्रत माझ्याकडे होती. मी शिष्टमंडळाच्या मेजापाशी जाऊन ती मागून घेतली होती आणि ती सहज मिळाली होती. तीत परंपरेला अनुसरून विरोध टाळला असे कुठेही नव्हते. आशय असा होता : प्रस्तावित परिषदेतून अण्वस्त्रांबाबत सर्वंकष करार होण्याची आंतरराष्ट्रीय समुदायाची अपेक्षा पूर्ण होईल अशी भारताची खात्री पटलेली नाही, जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषद हाच बहुपक्षीय वाटाघाटींचा एकमेव मंच आहे आणि तिथे सर्वंकष अण्वस्त्र कराराच्या वाटाघाटी सुरू व्हाव्यात याला भारताचा पाठिंबा आहे, अण्वस्त्रे जगातून नाहीशी करायची तर आंतरराष्ट्रीय पडताळणीची व्यवस्था अत्यावश्यक आहे.

ही भूमिका कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ज्या मंचावर वीस वर्षे काही घडलेले नाही त्याच मंचाकडे बोट दाखवणे ही पळवाट आहे असे सभागृहातील अनेकांचे मत होते. पडताळणीशिवायचा करार कागदावरच राहील, हा युक्तिवादही पोकळ नव्हता. पण माझ्या वाक्याने या दोन्ही गोष्टी वाचकापासून लपवल्या होत्या. मी भारताच्या तोंडी एक सौम्य, गोड कारण घातले होते जे त्याने दिलेच नव्हते, आणि त्याने दिलेली ठोस कारणे गाळली होती. पहिल्या परिच्छेदात मी भारताला विरोधकांच्या रांगेत उभे केले होते आणि दुसऱ्यात समर्थकांच्या अंगणात. दोन्ही वेळा त्याची स्वतःची जागा मी त्याला दिली नव्हती.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाविषयी लिहिले पाहिजे. मराठी वर्तमानपत्रे अशा वेळी ‘तटस्थ’ हा शब्द वापरतात आणि मीही या लेखात तोच वापरते आहे, कारण वाचकाला तो कळतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. या शब्दामुळे पिवळे बटण दाबणारा प्रत्येक देश काठावर उभा राहून बघत होता असे आपोआप वाटते. त्या दिवशीच्या सोळा देशांत चीन, भारत आणि पाकिस्तान होते, तसेच स्वित्झर्लंड, फिनलंड, बेलारूस, निकाराग्वा आणि वानुआतूही होते. नेदरलँड्स नाटोचा सदस्य आहे, पण त्याच्या संसदेने या वाटाघाटींच्या बाजूने सरकारवर दबाव आणलेला होता, आणि त्या ओढाताणीतून त्याचे पिवळे बटण आले होते. या सोळा जणांना एकत्र बांधणारी गोष्ट त्या बटणाच्या रंगापलीकडे काहीही नव्हती. भारत काठावर नव्हता. त्याने कारणे देऊन एका विशिष्ट मार्गाला मत नाकारले होते आणि दुसऱ्या मार्गाचे नाव घेतले होते. ‘तटस्थ राहिला’ असे लिहून पुढचे वाक्य न लिहिणे, हा इथल्या बातमीदारीतला मला आजही सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे.

तिसरा परिच्छेद आणि तीन रकाने

रात्री साडेआठला संपादकबाईंनी एका कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने आखून दिले. पहिल्यात देशाने काय केले, दुसऱ्यात देशाने स्वतः काय म्हटले, तिसऱ्यात आपल्याला काय वाटते. वार्तापत्राच्या वृत्तभागात पहिले दोनच रकाने जातील, तिसरा संपादकीयात आणि तोही नाव घालून, असा त्यांचा नियम होता. संस्था स्वतः अण्वस्त्रबंदीची उघड समर्थक होती, म्हणून हा नियम मला विशेष वाटला. विरोधात मत देणाऱ्या देशांचे अधिकारीही ते वार्तापत्र वाचत असत, आणि वाचत असत ते याच कारणाने.

तिसरा परिच्छेद कोरडा झाला. त्यात बाजूने, विरोधात, तटस्थ आणि मत न नोंदवलेले असे चार आकडे होते. नऊ अण्वस्त्रधारी देशांची पाच-तीन-एक अशी विभागणी होती. जपानच्या मताची नोंद होती. आणि भारत, पाकिस्तान, चीन यांच्या स्पष्टीकरणांतील प्रत्येकी दोन मुद्दे ‘असे त्या देशाने सांगितले’ या शब्दांसह होते. विशेषण एकही नव्हते. नऊला पाच मिनिटे कमी असताना तो स्वीकारला गेला.

या कोरडेपणाची किंमत दोन महिन्यांनी अधिक स्पष्ट कळली. २३ डिसेंबरच्या रात्री आमसभेच्या पूर्ण बैठकीत तोच ठराव ११३ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला, १३ देश तटस्थ राहिले. मी तेव्हा सांगलीत परत आले होते आणि यादी इंटरनेटवर पाहत होते. इटलीचे मत बाजूने नोंदलेले दिसत होते. ऑक्टोबरमध्ये इटली विरोधात होता. नाटोच्या एका मोठ्या सदस्याने भूमिका बदलली, अशी खळबळजनक बातमी करण्याचा मोह कोणालाही झाला असता आणि काहींनी ती केलीही. पुढे इटलीने कळवले की त्याला विरोधातच मत द्यायचे होते. यंत्रावर नोंदलेले मत आणि देशाचा हेतू यांच्यात अशी फारकत होऊ शकते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाच्या नोंदीत अशा वेळी मूळ आकडा तसाच ठेवून, अमुक देशाने नंतर असे कळवले, एवढी टीप जोडली जाते. पहिला रकाना बदलत नाही, दुसऱ्यात भर पडते. ती पद्धत मी न्यूयॉर्कमध्ये शिकले नसते, तर त्या यादीवरून मीही मोठा लेख लिहून बसले असते.

पुढे

वाटाघाटी मार्च २०१७ मध्ये सुरू झाल्या. कोस्टारिकाच्या एलेन व्हाइट गोमेझ अध्यक्ष होत्या. भारत त्यांत सहभागी झाला नाही. ७ जुलै २०१७ रोजी करार १२२ मतांनी संमत झाला, नेदरलँड्सने एकट्याने विरोधात मत दिले आणि सिंगापूर तटस्थ राहिला. १८ जुलैला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढले. त्यात म्हटले होते की भारत या वाटाघाटींत सहभागी नव्हता, तो या कराराचा पक्ष होऊ शकत नाही, आणि या करारामुळे आंतरराष्ट्रीय रूढीजन्य कायदा (देशांच्या सातत्याच्या आचरणातून बनणारा कायदा) निर्माण होतो किंवा त्याच्या घडणीस हातभार लागतो असे भारत मानत नाही. एका वर्षापूर्वी मी हे निवेदन ‘भारताने करार फेटाळला’ एवढ्या तीन शब्दांत वाचले असते. आता मला त्यातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. करारावर सही न केलेल्या देशालाही रूढीजन्य कायदा लागू होऊ शकतो, म्हणून ते दार भारताने त्याच महिन्यात, लेखी, बंद करून टाकले होते.

पुण्यात मी अधूनमधून विद्यार्थ्यांसाठी लेखन कार्यशाळा घेते. तिच्यात मी २७ ऑक्टोबरच्या मतदानाची यादी आणि चार देशांची स्पष्टीकरणे देते आणि एक तास देते. बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात अण्वस्त्रधारी देशांनी विरोध केला हे वाक्य असते. काहींच्या मसुद्यात भारताची बाजू घेतलेली असते, काहींच्या मसुद्यात भारतावर टीका असते, आणि दोन्ही प्रकारच्या मुलांना भारताचे स्पष्टीकरण पुन्हा वाचायला सांगितले की ते त्यांनी पहिल्यांदा नुसते चाळले होते हे कळते. दुसरे सोळा शोधून काढणारा विद्यार्थी दर खेपेस एखादाच असतो.

तिसऱ्या रकान्याबद्दल लिहायचे, तर तो मी माझे मत म्हणून भरते. करार २२ जानेवारी २०२१ रोजी अमलात आला. त्याच्या पक्ष देशांची पहिली बैठक जून २०२२ मध्ये व्हिएन्नात झाली, तेव्हा जर्मनी, नॉर्वे आणि नेदरलँड्स हे नाटोचे सदस्यसुद्धा, करारावर सही न करता, निरीक्षक म्हणून जाऊन बसले. भारताची खुर्ची तिथे नव्हती. पडताळणीचा मुद्दा भारत इतक्या आग्रहाने मांडतो, तर तो मांडण्याची जागा त्या खोलीतही होती, आणि सही न करता तो मांडता आला असता, असे मला वाटते. भारताचे अधिकारी याला सबळ उत्तर देऊ शकतील हे मला ठाऊक आहे. ते उत्तर मिळाले, तर मी ते दुसऱ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत लिहीन.